समुद्रावर वाट कोणी द्यायची?

आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने हाकावे, हे लहान मूलही जाणते. समुद्रावर मात्र रस्ताच नसतो. ना पट्टे, ना चौक, ना हवालदार. शिवाय बोटीला मोटारीसारखे ब्रेक नसतात. माल भरलेले मोठे जहाज इंजिन उलटे फिरवले तरी एकदोन किलोमीटर सहज पुढे जाते. तेव्हा टक्कर टाळायची तर ती होणार हे फार आधी ओळखले पाहिजे. ते कसे ओळखतात? उत्तर तुमच्या भूमितीच्या पुस्तकातच आहे.

आलेखाचा कागद घ्या. तुमची बोट उत्तरेकडे ताशी ८ सागरी मैल वेगाने चालली आहे. (एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर.) बरोबर ४ मैल पुढे 'क' हा बिंदू काढा. 'क'च्या पूर्वेला ३ मैलांवर एक लाँच आहे आणि ती ताशी ६ मैल वेगाने पश्चिमेकडे येत आहे. दोघींमधले अंतर पायथागोरसच्या सिद्धांताने ५ मैल. ती तुम्हाला नाकासमोरच्या रेषेच्या उजवीकडे सुमारे ३७ अंशांवर दिसेल. पाव तासाने तुम्ही 'क'पासून २ मैलांवर, ती दीड मैलावर. अंतर अडीच मैल. आणि कोन? तोच, ३७ अंश! त्रिकोण लहान झाला, पण पहिल्याशी समरूप राहिला. आणखी पाव तासाने त्याचा बिंदू होईल. तीच टक्कर.

आता लाँचचा वेग ८ मैल धरा. पाव तासाने कोन २७ अंशांच्या आसपास येतो; ती तुमच्या पुढून निघून जाईल. वेग ४ मैल धरला तर कोन ४५ होतो. ती मागे राहील. खलाशी होकायंत्रावर हेच पाहत असतो. दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र घटते आहे, की धोका समजायचा. मुंबईहून मांडव्याला लाँचने जाल तेव्हा एका जागी बसून हा प्रयोग करा. कठड्याच्या एखाद्या खांबाशी दिसणारी बोट मोठी होत गेली, पण खांबापासून सरकली नाही, तर तुमच्या तांडेलाचेही तिच्याकडे लक्ष असेलच! (आपली लाँच वळत नसेल तरच हा पडताळा खरा.) मोठे जहाज अगदी जवळ असेल तर मात्र कोन थोडा बदलला म्हणून निश्चिंत होऊ नये. बिंदूला लांबी नसते, जहाजाला असते.

धोका कळला, पण वळायचे कोणी? १९७२ साली ठरलेले आणि १९७७ साली अमलात आलेले आंतरराष्ट्रीय नियम ते सांगतात. इंजिनाच्या दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळावे. मागून येऊन पुढे जाणाऱ्या बोटीने पुढचीला सांभाळून जावे, मग ती शिडाची होडी का असेना. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यावी आणि शक्यतो दुसरीच्या पुढून जाऊ नये. आपल्या उदाहरणात वाट तुम्ही द्यायची. इंजिनाच्या बोटीने शिडाच्या होडीला, आणि या दोघींनीही जाळे टाकलेल्या मच्छिमार बोटीला वाट द्यावी, कारण जाळे ओढणारी बोट चटकन वळू शकत नाही. अरुंद जलमार्गात मात्र मोठ्या जहाजाला खोल पाण्याची एवढी एकच वाट असते. तेथे लहान होडीने त्याच्या आड येऊ नये.

रात्री हे काम दिवे करतात. बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा. प्रत्येक दिवा नाकासमोरून आपल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो. मागचा पांढरा १३५ अंशांत दिसतो. बेरीज करून पाहा! उजवीकडून आडवी येणारी बोट तुम्हाला तांबडा दिवा दाखवते, तिला तुमचा हिरवा दिसतो. तांबडा दिसेल त्याने वाट द्यायची. केवळ मागचा पांढरा दिसला, तर आपण तिला मागून गाठत आहोत.

हिरवा दिसणाऱ्यालाही एक बंधन आहे, आणि ते पाळणे मला अधिक अवघड वाटते: त्याने दिशा आणि वेग बदलायचा नाही. तोही सौजन्याने वळू लागला तर दुसऱ्याचा सगळा हिशेब फसेल. मात्र दुसरा काहीच करत नाही असे दिसले तर त्याला हालचाल करता येते, आणि दुसऱ्याच्या एकट्याच्या वळण्याने टक्कर टळणार नसेल तर ती करावीच लागते.

वळण ठळक हवे, हाही नियम आहे. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ इटलीचे 'आंद्रेआ दोरिया' आणि स्वीडनचे 'स्टॉकहोम' ही प्रवासी जहाजे एकमेकांकडे येत होती. दोघांनीही रडारवर एकमेकांना बरेच आधी पाहिले होते. एकाने जरासे डावीकडे वळून उजवी बाजू समोर ठेवायचे ठरवले, दुसरे उजवीकडे वळले. एवढीशी वळणे रडारच्या पडद्यावर सहज लक्षात येत नाहीत. धुक्यातून दिवे दिसले तेव्हा उशीर झाला होता. ५१ माणसे दगावली.

म्हणूनच एकमेकांना दिसणारी जहाजे वळताना भोंगाही वाजवतात. एक छोटा आवाज म्हणजे उजवीकडे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटे चालवले आहे. आणि पाच किंवा अधिक भराभर वाजले, तर समोरच्याला तुमचा बेत कळलेला नाही.