चित्राची कात्री आणि खळ

छायाचित्राचा तुकडा कापून दुसरीकडे बेमालूम बसविण्याची विद्या संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८५८ साली पाच निगेटिव्हांचे भाग जुळवून मरणोन्मुख मुलीचे एकच चित्र सिद्ध केले.

संगणकावरील चित्र म्हणजे सूक्ष्म ठिपक्यांची मांडणी होय. प्रत्येक ठिपक्यातील लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे प्रमाण आकड्यांनी नोंदलेले असते. हवा तो भाग प्रथम रेखून निवडावा, त्याची नक्कल घ्यावी व इष्ट स्थळी चिकटवावी. फोटोशॉपमध्ये हा तुकडा स्वतंत्र थरावर बसतो. जणू चित्रावर पारदर्शक काच ठेवून तीवर तो मांडला आहे. त्यामुळे खालच्या चित्राला धक्का न लागता तो सरकविता येतो. मग त्याच्या कडा किंचित मऊ कराव्यात आणि उजेडाची दिशा जुळवावी. एक सावली डावीकडे व दुसरी उजवीकडे पडली, तर जोड तत्काळ उघड होतो.

ही विद्या घातकही ठरते. जुलै २००८ मध्ये इराणमधून प्रसृत झालेल्या छायाचित्रात चार क्षेपणास्त्रे उडताना दिसली व अनेक वृत्तपत्रांनी ते छापले. परंतु धुराचे व धुळीचे काही लोट तंतोतंत सारखे आढळले. एक क्षेपणास्त्र चिकटविलेले होते!

विद्यार्थिमित्रांनो, अशी चित्रे हौसेने करा. मात्र खाली ‘जोडचित्र’ हा एक शब्द अवश्य लिहा. तेवढ्याने कलेची शोभा उणी होत नाही आणि पाहणाऱ्याचा विश्वासही अभंग राहतो.