वायु-वर्णलेखनातील पहिले पाऊल

धावण्याच्या शर्यतीत सर्व स्पर्धक एकाच रेषेवरून व एकाच क्षणी सुटले पाहिजेत, हा नियम आपणांस ठाऊक आहेच. कोणी मागाहून निघाला, तर पंचांचे घड्याळ कितीही अचूक असले तरी निकाल खोटा ठरतो. वायु-वर्णलेखन, म्हणजेच गॅस क्रोमॅटोग्राफी, ही रसायनशास्त्रातील अशीच एक शर्यत होय.

१९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स व मार्टिन यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातील स्तंभ म्हणजे आज बहुधा सुमारे ३० मीटर लांबीची, पाव मिलिमीटर अंतर्व्यासाची वेटोळी केशनलिका असते. तिच्या आतील भिंतीस पातळ लेप असतो. हेलियमसारखा वाहक वायू मिश्रणाची वाफ पुढे नेतो. लेप काही घटकांना कमी व काहींना अधिक वेळ धरून ठेवतो. त्यामुळे ते निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात व आलेखावर शिखरे उमटतात.

परंतु नमुना आत नीट शिरला नाही, तर पुढील सारी यंत्रणा व्यर्थ होय. सामान्यतः एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, द्रव पिचकारीने रबरी पडद्यातून सुमारे २५० अंश सेल्सिअस तपमानाच्या कक्षात सोडतात. येथे तीन दोष संभवतात.

पहिला दोष वाफेच्या प्रसरणाचा. पाण्याची वाफ मूळ द्रवाच्या हजार पटींहून अधिक जागा व्यापते. कक्षातील काचनळीत जेमतेम एक मिलिलिटर जागा असल्याने वाफ मागे उसळते व नमुना वाया जातो. यास्तव नमुना कमी घ्यावा, किंवा हेक्झेनसारखा कमी फुगणारा द्रावक वापरावा.

दुसरा दोष रेंगाळण्याचा. वाफ हळूहळू शिरली की शिखरे पसरट होतात. म्हणून वाफेचे विभाजन करून, उदाहरणार्थ, पन्नास भाग बाहेर सोडतात व एकच भाग स्तंभात नेतात. पण कीटकनाशकाचा सूक्ष्म अंश शोधताना असा अपव्यय परवडत नाही. त्यासाठी कुर्ट व गर्ट्रूड ग्रोब यांनी १९६९ साली विभाजनाविना प्रवेशाची रीत मांडली. तीत स्तंभ द्रावकाच्या उत्कलनबिंदूहून थंड ठेवतात. वाफ त्याच्या मुखाशी द्रवरूप होऊन घटक अरुंद पट्ट्यात गोळा होतात. मग तपमान वाढविताच शर्यत सुरू होते.

तिसरा दोष सुईचा. तापलेल्या सुईतून हलके घटक आधी उडून जातात, जड घटक मागे राहतात आणि प्रमाण बिघडते. यावर स्वयंचलित पिचकारीने क्षणार्धात नमुना सोडणे, अथवा थंड स्तंभातच थेट द्रव घालणे, हे उपाय आहेत.

रक्तातील मद्यार्क मोजताना तर रक्त यंत्रात घालीतच नाहीत. बंद कुपीत ते उबदार ठेवून वरची वाफ तेवढी घेतात. शिवाय रक्तात प्रोपॅनॉलसारखा दुसरा पदार्थ ठराविक प्रमाणात आधीच मिसळतात. वाफ थोडी कमी-अधिक शिरली, तरी दोन शिखरांचे गुणोत्तर बदलत नाही. एखादा वाहनचालक दोषी की निर्दोष, हे ज्या आकड्यावर ठरावयाचे, त्यास एवढा आधार हवाच.

सारांश, यंत्र केवळ त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या पदार्थाविषयीच साक्ष देऊ शकते. ती साक्ष खरी ठरविण्याची जबाबदारी नमुना हाताळणाऱ्याची आहे.