परोपजीवी आणि वंशाची घडण

परोपजीवी म्हटले की आपल्यासमोर प्रथम रोग उभा राहतो. जंत, गोचीड, हिवतापाचा सूक्ष्म जंतू ही नावे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि गुरांच्या दवाखान्याच्या नोंदवहीतून आपल्या परिचयाची झाली आहेत. परंतु एखाद्या शरीरास पीडा देणे एवढेच या जीवांचे कार्य नाही. ज्याच्या शरीरावर ते पोसले जातात, त्या आश्रयदात्या प्राण्याच्या वंशाची घडणही ते पिढ्यानुपिढ्या बदलीत असतात. कोणाची संतती टिकावी, मादीने कोणता नर पत्करावा, किंबहुना प्रजननासाठी नराची आवश्यकता का असावी, या प्रश्नांच्या उत्तरांत परोपजीवींचा मोठा वाटा असावा, असे अनेक जीवशास्त्रज्ञ मानतात. महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांच्या रक्ताशी आणि विवाहाशी या विषयाचा निकटचा संबंध आहे.

न संपणारी शर्यत

परोपजीवींचे आयुष्य अल्प असते आणि त्यांच्या पिढ्या झपाट्याने उलटतात. त्यामुळे आश्रयदात्याच्या संरक्षक व्यवस्थेतील कच्चा दुवा त्यांना लवकर साधतो. सर्व घरांना एकच कुलूप असेल, तर चोराला एक किल्ली पुरते. प्रत्येक घराचे कुलूप निराळे असल्यास मात्र त्याचे काम कठीण होते. निसर्गात हे वैविध्य नर-मादीच्या संयोगाने निर्माण होते, कारण प्रत्येक अपत्यात माता व पिता यांच्या गुणधर्मांची नवी जुळणी होते.

अमेरिकन शास्त्रज्ञ ली व्हॅन व्हेलन यांनी 1973 मध्ये जीवसृष्टीतील अशा अखंड शर्यतीस ‘लाल राणी’ हे नाव दिले. लुईस कॅरोल यांच्या बालकथेतील या राणीच्या राज्यात आहे त्या जागी टिकण्यासाठीही सतत धावावे लागते.

न्यूझीलंडमधील गोगलगाय

न्यूझीलंडच्या गोड्या पाण्यातील एक चिमुकली गोगलगाय या दृष्टीने उद्बोधक आहे. या जातीत काही माद्या नराशिवाय हुबेहूब आपल्यासारख्याच मुली निर्माण करतात, तर काही नराशी मीलन करून प्रजनन करतात. वरकरणी पाहता पहिली पद्धत अधिक लाभाची आहे. जिला केवळ मुलीच होतात, तिचा वंश दुप्पट वेगाने वाढावयास हवा. मग नर टिकले कसे?

कर्टिस लाइव्हली यांनी तेथील तळी व ओढे यांची पाहणी करून 1987 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या गोगलगाईंत पर्णकृमी शिरतात आणि त्यांना वांझ करतात. जेथे कृमींचा प्रादुर्भाव अधिक, तेथे नरांचे प्रमाणही अधिक असल्याचे त्यांना आढळले. पुढील संशोधनातून असेही दिसले की, एकाच साच्यातील गोगलगाई संख्येने वाढल्या की काही काळाने त्याच कृमींच्या भक्ष्यस्थानी पडतात.

तुऱ्याचा रंग

मादीच्या निवडीचा विचार विल्यम हॅमिल्टन व मार्लीन झुक यांनी 1982 मध्ये मांडला. नर पक्ष्याचा झळाळता रंग हा त्याच्या निरोगीपणाचा दाखला असून, त्यावरून मादी रोगास तोंड देऊ शकणारा पिता निवडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या गावठी कोंबडीचा पूर्वज असलेल्या लाल रानकोंबड्यावर पुढे प्रयोग झाले. जंतांची बाधा झालेल्या नरांचे तुरे लहान व निस्तेज राहिले आणि माद्यांनी बहुधा निरोगी नरांनाच पसंती दिली. सर्वच जातींत निष्कर्ष इतके स्पष्ट आलेले नाहीत. तथापि, मीलनाच्या निवडीमागे परोपजीवींचा दाब असू शकतो, हे यातून दिसून आले.

माणसाच्या रक्तातील खूण

मनुष्यही या नियमास अपवाद नाही. रक्तातील हिमोग्लोबिनच्या जनुकात एक सूक्ष्म बदल झाला की तांबड्या पेशी विळ्यासारखा आकार घेतात. हा बदल केवळ आईकडून किंवा केवळ वडिलांकडून आला, तर ती व्यक्ती ‘वाहक’ होते. ती सामान्यतः निरोगी असते. मात्र तो दोघांकडूनही आल्यास सिकलसेल आजार जडतो. असह्य वेदना, रक्तक्षय आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग रुग्णाच्या वाट्यास येतात.

इतके घातक जनुक निसर्गाने वगळले का नाही? अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून 1954 मध्ये याचे उत्तर दिले. वाहकांना घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे हिवतापाने बालके दगावत, तेथे वाहक बालके अधिक संख्येने जगली व त्यांच्याबरोबर ते जनुकही टिकले. भारतात हे जनुक 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळले. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट आणि विदर्भाच्या अन्य भागांत ते दिसून येते. ते केवळ आदिवासी समाजापुरते मर्यादित नाही.

आपले कर्तव्य

पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्यास आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि दोषमुक्त असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. तसेच या आजारासाठी एकट्या मातेस दोष देणे सर्वस्वी चुकीचे आहे, कारण जनुक दोघांकडून आल्याखेरीज आजार होतच नाही.

केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ केला असून, 2047 पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. साध्या रक्ततपासणीने प्राथमिक निदान होते आणि पुढील तपासणीने वाहक कोण व रुग्ण कोण हे निश्चित करता येते. शिक्षकांनी वरच्या वर्गांत हा विषय समजावून द्यावा. पंचायत सदस्यांनी विवाह ठरण्यापूर्वी तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. वाहक असणे हा रोग नव्हे, की कलंकही नव्हे. अशा मुलीचे वा मुलाचे लग्न मोडू नये. दोघांनीही आपली स्थिती जाणून घ्यावी व वैद्यकीय सल्ल्याने पुढील निर्णय घ्यावा. तपासणीचा निकाल गावात चर्चेचा विषय होणार नाही, याची काळजी घेणे हेही पंचायतीचेच काम आहे.

हिवतापाच्या जंतूने शेकडो पिढ्यांपूर्वी ही खूण आपल्या रक्तात ठेवली. त्या काळी मनुष्यापाशी निवडीचे साधन नव्हते. आज रक्ताच्या काही थेंबांनी ते हाती येते आणि त्याचा उपयोग प्रत्येक वाडी-पाड्यावर व्हावयास हवा.