अमायलॉइडोसिस : शंका, सिद्धता व प्रकारनिश्चिती

सर्वांगशोथ दिसताच पुनर्नवादी कल्पांची योजना करण्यापूर्वी शोथाचे मूळ शोधणे आवश्यक असते. अमायलॉइडोसिस हे त्यांपैकी एक विरळ, परंतु घातक मूळ होय. या व्याधीत विकृत घडणीची प्रथिने तंतुरूपाने वृक्क, हृदय, यकृत व मज्जातंतूंत साचतात.

अष्टविध परीक्षेतील मूत्र व जिव्हा येथे प्रथम सूचना देतात. मधुमेह नसताना फेसाळ, प्रथिनयुक्त मूत्र, स्थूल जिव्हा, नेत्रांभोवती त्वचेखाली रक्तस्राव, ही लक्षणे पाहावीत. इकोमध्ये हृद्भित्ती जाड, परंतु ईसीजीत व्होल्टेज कमी, ही विसंगतीही सूचक आहे.

सिद्धतेसाठी उदरावरील मेदाचा अथवा बाधित अवयवाचा नमुना घेतात. काँगो रेडने रंगविलेला हा नमुना ध्रुवित प्रकाशात हिरवा चमकल्यास अमायलॉइड सिद्ध होते. केवळ मेदाचा नमुना निर्दोष आल्याने व्याधी नाही, असे मानू नये.

चिकित्सा प्रकारानुसार भिन्न असल्याने प्रकारनिश्चिती अपरिहार्य ठरते. एएल प्रकारासाठी सीरम फ्री लाइट चेन आणि रक्त व मूत्राचे इम्युनोफिक्सेशन करतात. एए प्रकारात क्षय, आमवात यांसारखा जीर्ण दाह शोधतात. हृदयातील ट्रान्सथायरेटिन प्रकारात पायरोफॉस्फेट स्कॅन उपयुक्त असतो. मात्र एएलच्या तपासण्या निर्दोष असतील, तरच बायोप्सीविना त्यावर विसंबावे.

एएलमध्ये हृदय बाधित झाल्यास आयुर्मर्यादा महिन्यांवर येऊ शकते. म्हणून शोथाची औषधे वारंवार नेणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनी मूत्रपरीक्षा सुचवावी व वैद्यांनी शंका येताच रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे.