महामार्गावरील रांग आणि संयम

गळीत हंगामात घनसावंगी तालुक्यातील उसाची वाहने कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबराने उभी राहतात. नंबर मोडणाऱ्यास तेथे सर्वजण मिळून अडवू शकतात. महामार्गावर मात्र तसे करणे जिवावर बेतते.

जालन्यावरून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ३३ मीटर अंतर कापते. म्हणून पुढील वाहनापासून तीन सेकंदांचे, म्हणजेच सुमारे शंभर मीटरांचे अंतर राखणे इष्ट होय.

नेमक्या याच मोकळ्या जागेत एखादा उतावीळ चालक घुसतो. अशा वेळी त्याचा पाठलाग करणे किंवा त्याला अडवणे हा उपाय नव्हे. वेग हळूहळू कमी करून अंतर पुन्हा निर्माण करावे. प्रवासात अशी दहा वाहने पुढे शिरली, तरी विलंब होतो तो अर्ध्या मिनिटाचा! एकदम ब्रेक लावल्यास मात्र त्याचा धक्का मागील रांगेत दूरवर पोहोचतो. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सतत घुसणारा चालक आपले काही क्षण वाचवतो. त्याची किंमत मागचे मोजतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ अन्वये धोकादायक रीतीने वाहन चालविणे हा दंडनीय गुन्हा आहे. गंभीर प्रसंगी सहप्रवाशाने ११२ क्रमांकावर कळवावे. शासन करण्याचे काम पोलिसांचे आहे.

अर्ध्या मिनिटाचे हे गणित शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत अवश्य मांडावे.