भंगारातून घडलेलं लॉकेट: आधी वजन, मग झाळकाम

आजीच्या पैंजणाची चांदी, तांब्याची पट्टी, बंद घड्याळाचं चाक, नदीतला गोटा. यातून एकच एक लॉकेट घडवायचं असेल, तर मोठ्या शोरूममध्ये वेळ घालवू नका. ठाण्यात जांभळी नाका, डोंबिवलीत फडके रोड, कल्याणात शिवाजी चौक या भागांतल्या छोट्या सराफाकडे जा आणि थेट विचारा, ‘नगावर काम करणारा कारागीर आहे का?’ ओतकाम किंवा मुलामा हवा असेल तर झवेरी बाजार गाठा, पण रविवारी नको. दसरा-दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर असं काम देऊ नका, ते मागे पडतं.

सोबत न्या: खऱ्या मापाचं चित्र, सगळे तुकडे, जुन्या दागिन्याची पावती असेल तर ती. व्यवहार 2 लाखांवर गेला तर पॅन लागेल.

आता सर्वांत महत्त्वाचं. जोडण्याआधी प्रत्येक धातूचं वजन वेगळं करून घ्या आणि पावतीवर लिहून घ्या. एकदा झाळलं की चांदी किती, पितळ किती, हे डोळ्यांनी कळत नाही. समजा लॉकेट 30 ग्रॅमचं झालं आणि त्यात दुकानाची 925ची चांदी 12 ग्रॅम आहे. एकूण वजनाला चांदीचा भाव लावला, तर 18 ग्रॅम पितळ-दगडाचेही पैसे तुम्ही चांदीच्या दराने मोजाल. उद्या मोडायला गेलात की सराफ मात्र फक्त चांदी धरणार: 12 ग्रॅममध्ये शुद्ध 11.1 ग्रॅम. तूट किती टक्के धरणार, तेही आधी ठरवा. कापलेले तुकडे आणि कीस परत मागा. तो तुमचा माल आहे.

घडणावळ ग्रॅमवर नको, नगावर ठरवा. धातू तुमचा असेल तर जीएसटी फक्त मजुरीवर, 5 टक्के: 3,000 रुपये मजुरीला 150. दुकानाचा धातू असेल तर 3 टक्के. नोंदणी नसलेला कारागीर जीएसटी लावू शकत नाही. लावला, तर पावतीवर नंबर बघा. साचा, पॉलिश, मुलामा, खडा बसवणं यांचे पैसे वेगळे आहेत का, तेही विचारा. साचा केला तर तो ताब्यात घ्या, नाहीतर तुमचा एकमेव दागिना दुसऱ्याच्या गळ्यात दिसेल.

सोन्याचा तुकडा वापरणार असाल तर जोडण्याआधीच बीआयएस-मान्य केंद्रात तपासा. 4 नगांपर्यंत 200 रुपये, कर वेगळा. तुकड्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) असेल तर ‘बीआयएस केअर’ ॲपवर फुकटात पडताळता येतो.

काच, लाकूड, शिंपला भट्टीजवळ नेऊ नका. त्यांना रिव्हेट, तार किंवा पकड हवी. भंगारातल्या तुकड्यावर शिशाचा डाख असेल तर तो आधी पूर्ण काढून टाका. तापल्यावर शिसं चांदीला खातं. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळाची तबकडी आणि काटे वापरूच नका, त्यावर रेडियम असू शकतं. लॉकेटऐवजी कानातलं करत असाल, तर कानात जाणारी तार चांदीचीच घ्या. स्वस्त मिश्रधातूतलं निकेल अनेकांना चालत नाही. तांब्याने त्वचा हिरवी होते, म्हणून मागच्या बाजूला लाखेचा थर मागा.

काही वस्तू घरात सापडल्या तरी दागिन्यात घालू नका. वाघनख, हस्तिदंत, कासवाचं कवच, किनाऱ्यावरची प्रवाळाची फांदी: वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आड येतो. चलनात असलेल्या नाण्याला भोक पाडणं किंवा ते वितळवणं हाही 2011च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. चलनातून गेलेलं 25 पैशांचं नाणं चालेल.

फसवणूक वाटली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. न सुटल्यास ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारावर तक्रारीला शुल्क नाही, मुदत 2 वर्षं. तिथे पहिला कागद मागतील तो वजनं लिहिलेल्या पावतीचा.