हलकं सॉफ्टवेअर, पक्का ठेका

लग्नसराई आली की बारामतीपासून भवानीनगर, वालचंदनगर आणि पुढे इंदापूरपर्यंत हळदीला, वरातीला डीजे लागतोच. गाडीवर स्पीकरची भिंत दिसते, पण गाणी वाजवणारा लॅपटॉप अनेकदा जुना असतो आणि त्यातलं सॉफ्टवेअरही जुनं. ही निव्वळ कंजुषी आहे का? आपल्या इंजिनिअरिंगच्या नजरेने बघितलं, तर त्यामागे चांगलं कारण सापडतं.

साउंड कार्डला एका सेकंदात 44,100 सॅम्पल लागतात. सॉफ्टवेअर ती एकेक करून देत नाही, गठ्ठ्याने देतं. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर 512 सॅम्पलचा असेल, तर तो साधारण 11.6 मिलिसेकंदात संपतो. तेवढ्यात पुढचा गठ्ठा तयार पाहिजे. नसेल, तर स्पीकरमधून 'कट्ट' असा आवाज येतो. म्हणजे इथे कॉम्प्युटर सरासरी किती फास्ट आहे याला फारसा अर्थ नाही. प्रत्येक वेळी तो वेळेत पोचतो का, हाच प्रश्न आहे.

मग बफर 2048 का ठेवू नये? ठेवता येतो, पण मग बटण दाबल्यावर आवाज यायला एकट्या बफरमुळेच 46 मिलिसेकंदांपर्यंत उशीर होतो. ठेका जुळवताना तो हाताला जाणवतो.

ठेका जुळवणं म्हणजे काय? एक गाणं मिनिटाला 128 ठोक्यांचं आणि दुसरं 126 चं समजा. दोन्ही एकदम सुरू केली, तर पहिल्याचे 32 ठोके होतात तेव्हा दुसऱ्याचे साडेएकतीसच झालेले असतात. म्हणजे अर्ध्या ठोक्याचा फरक, आणि नाचणाऱ्यांचे पाय चुकतात. म्हणून पहिल्याचा वेग सुमारे 1.6 टक्क्यांनी कमी करायचा. या कामाला दोन एमपीथ्री उलगडणं, वेग बदलणं आणि दोन्ही आवाज एकत्र करणं एवढंच लागतं. 2003 साली आलेलं 'व्हर्च्युअल डीजे' त्या काळच्या साध्या कॉम्प्युटरवर हे सगळं करायचं. 2020 पासून त्यात चालू गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढायची सोय आली. सोय भारीच आहे, पण तिला प्रोसेसरची ताकद खूप लागते. वरातीत ती वापरायचीच नसेल, तर तो भार कशाला घ्यायचा?

अर्थात जुनं म्हणजे सगळंच चांगलं असं नाही. विंडोज एक्सपीचा सपोर्ट 2014 साली संपला. असं मशीन इंटरनेटला जोडू नये, आणि दुसऱ्याचा पेन ड्राइव्हही जपूनच लावावा. क्रॅक केलेली कॉपी तर नकोच. तिच्यातून व्हायरस येऊ शकतो आणि ती चोरी आहे ती आहेच. फुकट पाहिजे असेल, तर ओपन सोर्समधलं, नावात तीन एक्स असलेलं 'मिक्स' आहे. ते लिनक्सवरही चालतं.

आपल्या गॅदरिंगला लॅपटॉप लावायचा असेल, तर आदल्या दिवशी एवढं करा. वायफाय, अँटिव्हायरसचं स्कॅनिंग आणि आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा. गाणी पेन ड्राइव्हवरून न वाजवता हार्ड डिस्कवर कॉपी करा. बफर मोठ्याकडून लहानाकडे आणत जा. आवाज तुटायला लागला की एक पायरी मागे या आणि त्याच सेटिंगवर तासभर गाणी वाजवून बघा. तो तास नीट गेला, तर नवीन लॅपटॉपसाठी घरी पैसे मागायची गरज नाही.